आज वारा कुठला?

आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात मला 'रद्दीवाल्या काकू' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान अजून शाबूत आहेत. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत नव्याने आलेल्या एखाद्या मुलीला कोणीतरी हळूच सांगतं, "त्या सुलभाकाकू ना, कुठल्यातरी म्युझियममध्ये जुने पेपर्स सांभाळायच्या. सो क्यूट!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि वरणभात वाढून घेते. मंडळात सगळे कोडवाले आणि क्लाउडवाले. त्यांच्यात मी एकटी कागदवाली. तेव्हा थोडी गंमत होणारच.

एकदा पुण्याच्या एका तरुणाने मला गाठलंच. "काकू, जेन्युइनली विचारतोय हं. सगळं स्कॅन करून टाकलं की ओरिजिनल कशाला ठेवायचं यार? जागा खातं नुसतं."

"तुझ्या लग्नाचे फोटो फोनवर आहेत ना?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स."

"मग बायको कशाला ठेवलीस?"

बायको शेजारीच उभी होती. ती इतकी हसली की तिच्या हातातलं ताक सांडलं. तो काही फारसा हसला नाही.

तर मी काय करायचे ते एकदाचं सांगून टाकते. समुद्रकाठच्या एका जुन्या बंदराच्या गावी एक छोटी संस्था आहे. तिथे त्या गावच्या माणसांचे कागद जपून ठेवले आहेत: पत्रं, रोजनिशा, नकाशे, वाण्याच्या याद्या. लोक हे कागद आणून देतात. आम्ही ते साफ करायचे, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कागदाला न खाणाऱ्या खोक्यांत घालायचे, काय कुठे आहे ते लिहून ठेवायचं आणि कोणी वाचायला मागितलं की समोर ठेवायचं. एवढंच. एक नियम मात्र पक्का, मूळ मालकाने ज्या क्रमाने कागद ठेवले तो क्रम मोडायचा नाही. त्याने वाण्याची यादी प्रेमपत्राच्या पोटात ठेवली असेल तर ती तिथेच राहणार. आपण शहाणपणा करून तारखेप्रमाणे लावायला जायचं नाही. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझं स्वयंपाकघर असं का, ते आत्ता कळलं."

मी मूळची नागपूरची. आमच्या लेखी मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मागोमाग इथे आले. मला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून वेळ घालवायला लायब्ररीत फुकट पुस्तकं लावू लागले. त्यातून शिक्षण, त्यातून नोकरी. आणि नोकरी कुणाची, तर शिडांच्या जहाजांच्या काळातल्या एका आरमारी कॅप्टनची! आमच्या संस्थेतला सगळ्यात मोठा संग्रह कॅप्टन एबेनीझर क्रॉफ्ट यांचा, आणि माझी निम्मी कारकीर्द त्यांच्या सहवासात गेली. नवरा, म्हणजे अरविंद, पाहुण्यांना सांगायचा, "हिचं माझ्याखेरीज एका खलाशाशी जमलंय."

कॅप्टनसाहेब कोवळ्या वयात जहाजावर चढले आणि पांढऱ्या मिशा घेऊन उतरले. संस्थेच्या माहितीपत्रकात त्यांना 'शूर सेनानी' म्हटलंय. असतीलही शूर. पण कागदांत ते सदानकदा कुणाशीतरी भांडत असतात. दोरखंड कुजके आले, खारवलेलं मांस कुजकं आलं, नवा लेफ्टनंट कुजका आला. बढतीसाठी त्यांनी वरिष्ठांना केलेले अर्ज वाचले तर आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतला माणूस त्यांना सख्खा भाऊ म्हणेल. लढाया अगदी थोड्या. बाकी सगळा काळ व्यापारी जहाजांना सोबत करणं, चाच्यांच्या मागे धावणं आणि चाचे न सापडणं. रागीट होते. खलाशांना फटक्यांची शिक्षाही देत, आणि तीही हवापाण्याच्या नोंदीइतक्याच थंडपणे लिहून ठेवत. ते वाचताना मला दरवेळी त्यांचा राग येई. मात्र बायकोला पत्र लिहायला बसले की माणूस विरघळायचा.

त्या पत्रांची एक मजा सांगते. त्या काळी एकच पत्र दोन-तीनदा नकलून वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत. एखादं जहाज बुडालं तरी दुसरं पोचावं म्हणून. शिवाय प्रत्येक पत्रावर क्रमांक, कारण सातवं पत्र चौथ्याच्या आधी हाती पडायचं. कॅप्टनसाहेब विचारतात, "गाय बरी झाली का?" हा प्रश्न घरी पोचेपर्यंत गाय बरी होऊन व्यायली, वासरू मोठं झालं आणि विकलंही गेलं. तरी बायको शांतपणे लिहिते, "गाय बरी आहे." एका पत्रात ते कुठल्याशा बंदरात मिळालेल्या संत्र्यांची तोंडभर तारीफ करतात. ते वाचून मी नागपूरकर म्हणून मनात म्हटलं, बिचाऱ्याने अजून काही खाल्लंच नाही.

आणि शाई! त्या शाईत लोखंडाबरोबर ओकच्या झाडावरच्या गाठी उगाळत. मी त्या गाठी हातात घेतल्या आणि ओरडलेच, "अहो, हे तर मायफळ!" आमचे डायरेक्टर वॉल्टर चक्रावले. मी त्यांना सांगितलं, हे आम्ही उगाळून तान्ह्या बाळांना चाटवतो. त्यानंतर काही दिवस ते माझ्याकडे जरा जपून बघत होते.

आमच्याकडे येणारी मंडळीही एकेक नमुने. सगळ्यांना वाटतं पांढरे हातमोजे घालून कागद हाताळायचे. मोज्यांमुळे उलट बोटांना काही कळत नाही आणि कागद फाटतो. हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे, बस्स. एका बाईंना याचं इतकं वाईट वाटलं की त्या घरून स्वतःचे मोजे घेऊन आल्या. बर्ट नावाचे एक निवृत्त प्लंबर दर आठवड्याला तिकोनी टोपी आणि पितळी बटणांचा निळा कोट घालून यायचे. सुट्टीच्या दिवशी जुन्या लढायांची नाटकं करणाऱ्या मंडळींतले ते. आपण कॅप्टनसाहेबांचे वंशज आहोत असा त्यांचा ठाम समज होता. कागदांत तसं काहीही नव्हतं. मी तसं सांगितलं की ते म्हणायचे, "अजून सापडलं नाही, एवढंच." आणि शांतपणे पुढचं खोकं मागायचे. वाचनखोलीत टोपी काढा म्हणून मी सांगून थकले, पण त्यांनी कधी काढली नाही.

खऱ्या वंशज होत्या एलिनॉरबाई. गावाबाहेरच्या टेकडीवर जुन्या लाकडी घरात एकट्या राहायच्या. आमच्या संग्रहात कॅप्टनसाहेबांचे अर्ज होते, सरकारी नकला होत्या. पण त्यांची स्वतःची रोजनिशी आणि बायकोबरोबरची पत्रं एलिनॉरबाईंच्या ट्रंकेत होती, आणि त्या ती देत नव्हत्या. वॉल्टर स्वतः जाऊन हात हलवत परत आले होते. त्यांच्या आधीच्या डायरेक्टरला तर बाईंनी दारातूनच वाटेला लावलं होतं. आता बाई थकल्या होत्या. टेक्सासात फ्रिस्कोला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने घर विकायला काढलं होतं. बाईंची सोय म्हाताऱ्यांच्या एका निवासात, एका खोलीत. भाच्याने वॉल्टरना फोनवर स्वच्छ सांगितलं, "घर रिकामं होईपर्यंत न्यायचं तर न्या. नाहीतर जे उरेल ते कचऱ्यात." वॉल्टर म्हणाले, "सुलभा, तू बघ जाऊन."

मी गेले. बाईंनी चहा दिला, ट्रंक दाखवली. तळघरातल्या ओलीने पत्रांवर बुरशी धरलेली, आणि कोण्या हौशी काकूने फाटलेली पानं चिकटपट्टीने जोडून ठेवलेली. माझं चाललं असतं तर चिकटपट्टी शोधणाऱ्याला मी कॅप्टनसाहेबांच्या ताब्यात दिलं असतं.

चहा झाल्यावर बाईंनी रोजनिशी मांडीवर घेतली, आजच्या तारखेचं पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. वारा नैर्ऋत्येचा, हलका. आभाळ स्वच्छ. दोघे आजारी. बटाटे संपले. वाचून वही मिटली.

"आमच्या घरी चहाला हे रोज वाचतात," त्या म्हणाल्या. "माझे वडील वाचायचे, त्यांचे वडील वाचायचे. आम्ही मुलं कधी ऐकत नसू. टेबलाखाली एकमेकांना लाथा मारायचो. आता मी वाचते, आणि मीच ऐकते."

मी सांगितलं, ही बुरशी तुमच्या छातीला वाईट आणि वहीलाही वाईट. असंच राहिलं तर थोड्याच वर्षांत पानांचा भुगा होईल.

"आणि तुमच्याकडे दिली तर?"

"तर आणखी दोनशे वर्षं टिकेल."

"खोक्यात. न वाचता." त्यांनी वही ट्रंकेत ठेवली. "वाचणारं कोणी नसेल, तर जगवायची कशाला?"

मी उठले, आणि उठताना गालिच्यावर ठेवलेल्या पत्रांच्या गठ्ठ्याला माझा पाय लागला. त्यापुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. मी वाकले, गठ्ठ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. माझ्या कमरेचा कट्ट असा आवाजही आला.

"तू आत्ता काय केलंस?" बाईंनी विचारलं. "कॅप्टनची माफी मागितलीस?"

"कॅप्टनची नाही, कागदाची. आमच्याकडे लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर नमस्कार करतात."

"कुठल्याही कागदाला?"

"कुठल्याही. विजेच्या बिलालासुद्धा."

त्या मोठ्यांदा हसल्या. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "नुसता नमस्कार करता, की वाचतासुद्धा?"

काय सांगू! मला आमच्या आजोबांची पोथी आठवली. संध्याकाळी दिवा लागला की आजोबा तिच्यातला थोडा भाग मोठ्याने वाचायचे. आम्ही पोरं मागे सागरगोटे खेळत असायचो. आजोबा गेले, पोथी लाल फडक्यात बांधली गेली, आणि तेव्हापासून नागपूरला माझ्या भावाच्या देवघरात आहे. दर दसऱ्याला तिच्यावर झेंडूचं फूल पडतं. उघडली कोणीच नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं.

"म्हणजे तुम्ही खोकं सांभाळलंत," एलिनॉरबाई म्हणाल्या.

त्या टोचून नव्हत्या बोलल्या, पण श्रूजबरीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर मला ते टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा वॉल्टरना फोन. ट्रंक द्यायला तयार, पण एका अटीवर: रोजनिशी रोज कोणीतरी मोठ्याने वाचली पाहिजे. वॉल्टरनी डोक्याला हात लावला. दानपत्रात असल्या अटी घालता येत नाहीत. आज वाचन म्हणतील, उद्या तोफ उडवा म्हणतील. वकिलाशी बोलून त्यांनी एक वाक्य बसवलं, की संस्था हा संग्रह वाचकांना उपलब्ध होण्यासाठी वाजवी प्रयत्न करील. ते घेऊन मी पुन्हा टेकडीवर गेले. अंगणात कचऱ्याचा भलामोठा लोखंडी डबा येऊन पडला होता आणि कामगार त्यात खुर्च्या टाकत होते.

बाईंनी ते वाक्य वाचलं आणि कागद परत दिला. "वाजवी प्रयत्नांनी शिडात वारा भरत नाही."

बाहेर धाडकन काहीतरी पडलं. मी म्हटलं, "मी वाचीन. संस्था नाही, मी. रोज चहाच्या वेळी तुम्हाला फोन करीन आणि आजची नोंद वाचून दाखवीन."

"सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही. घरून."

"आणि तू निवृत्त झालीस की?"

"नंतरचं नंतर बघू," मी म्हटलं. इंग्रजीत हे वाक्य फारच बेजबाबदार वाटतं, पण आपल्याकडची निम्मी कामं याच वाक्यावर झाली आहेत. बाईंनी सही करायला पेन मागितलं, आणि चहाचा कप टेकवला तो थेट रोजनिशीवर. मी झडप घालून कप उचलला. "हं, तू चालशील," त्या म्हणाल्या.

ट्रंक आली. बुरशी पसरू नये म्हणून सगळं आधी गोठवून ठेवलं, मग मऊ ब्रशने पान न् पान साफ केलं. चिकटपट्ट्या सोडवण्यात तर माझी किती वर्षं गेली ते विचारू नका. मूळ वही फार नाजूक, म्हणून मी फोटोंवरून वाचायचे. होय, स्कॅनवरून! मंडळातल्या त्या मुलाला हे कृपया कोणी सांगू नका.

आणि रोजचा फोन सुरू झाला. सुरुवातीला बाई मला वाक्यावाक्याला अडवायच्या. कुठलं शीड कुठल्या डोलकाठीवरचं, हे नागपूरकर बाईला त्यांनीच शिकवलं. दिवाळीत मी एका हाताने चकल्या तळत आणि दुसऱ्या हातात फोन धरून वादळाची नोंद वाचली आहे. कढईतल्या आवाजाने वादळ फार खरं वाटलं, असं बाई म्हणाल्या. अरविंद संध्याकाळी घरात शिरताना "काय गं, आज वारा कुठला?" असंच विचारू लागला. वाऱ्याच्या या नोंदींवरून जुनं हवामान शोधणारा एक अभ्यासक आमच्याकडे यायचा. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, कोणीतरी ऐकत होतं."

पुढे त्यांची आठवण सुटत चालली. आधी भाच्याचं नाव गेलं, मग माझं. फोन उचलून त्या विचारायच्या, "कोण?" मी म्हणायचे, "वारा ईशान्येचा." की त्या लगेच, "हां, वाच." एकदा वाचताना माझी एक ओळ सुटली. पलीकडून त्या स्पष्ट म्हणाल्या, "आणि डुक्कर मेलं." मी पान पाहिलं. तीच ओळ सुटली होती, जहाजावरचं डुक्कर मेल्याची. लहानपणी टेबलाखाली लाथा मारता मारता ती त्यांच्यात कुठेतरी जाऊन बसली होती. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी रडले. डुक्कर मेलं म्हणून रडणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन.

बाई गेल्याचं निवासातून कळवलं, तेव्हा मी वाचनखोलीत होते. चहाची वेळ झाली. सवयीने आजचं पान उघडलं, फोन हातात घेतला, आणि लक्षात आलं की पलीकडे कोणी नाही. मी तशीच उभी राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले. वाचनखोलीत बोलायचीसुद्धा बंदी, आणि ती पाटी मीच लावलेली. वारा पडलेला. जहाज जागच्या जागी. पिण्याचं पाणी पुरेसं. वाचून मान वर केली तर कोपऱ्यात बर्ट उभे होते आणि टोपी त्यांच्या हातात होती. "उद्या मी वाचू का?" त्यांनी विचारलं. ते वंशज असतील नसतील, मी हो म्हटलं.

मी निवृत्त झाले तरी तिथे वाचन चालू आहे. चहाच्या वेळी वाचनखोलीत जो असेल तो वाचतो. दानपत्रात यातला एक शब्द नाही.

आणि मी घरी बसले. पहिल्या आठवड्यात चहाच्या वेळी हात जुन्या सवयीने फोनकडे जायचा. शेवटी एके दिवशी सकाळी उठून नागपूरला दादाला फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती.

"दादा, आजोबांची पोथी उघड."

"वेडी झालीस का? पूजेची आहे ती. दसऱ्याला फूल वाहतो ना आम्ही."

"फूल पुरे झालं. उघड आणि वाच. मी ऐकते."

बरीच कुरकुर झाली. मग नळाचा आवाज आला, चष्मा शोधण्याची खुडबुड आली, फडक्याची गाठ सोडवताना दादाचं पुटपुटणं आलं. दादा जन्मभर बँकेत होता. तो पोथीही व्याजाचे दर वाचून दाखवल्यासारखा वाचू लागला. पाच-सहा ओळी झाल्या आणि थांबला.

"पुढचं दिसत नाही गं. कसरीने खाल्लंय. भोकच पडलंय."

मी तोंड उघडलं ते त्याला रागवायला. कागद असे ठेवतात का, वेखंड तरी घालायचं होतंस, असं बरंच काही म्हणणार होते. पण तोंडून आली ती पुढची ओळ. तिच्या पुढचीही आली. आजोबांच्या चालीत, जिथे ते श्वास घ्यायचे तिथे श्वास घेऊन.

दादा म्हणाला, "तू तर सागरगोटे खेळत असायचीस. कधी ऐकत नव्हतीस."

"ऐकत होते की," मी म्हटलं. "आता पुढचं वाच."